निष्कर्षाविना परिसंवाद कसा घ्यावा

शाळा सुरू होऊन पहिली घटक चाचणी उरकली की पुण्यात कुठल्या ना कुठल्या सभागृहात ‘मोबाइल आणि गृहपाठ : तारक की मारक?’ या विषयावर परिसंवाद होतो. तो खेळीमेळीत व्हावा, वर्तमानपत्रात फोटोसह यावा आणि त्यातून काहीही निघू नये, हे तिन्ही हेतू साधायचे तर तयारी लागते. नवख्या आयोजकांची अडचण ओळखून पुढील सूचना दिल्या आहेत.

विषय शिळा झाला, ही शंका मनातून आधी काढून टाका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात आहे, तिथे विषय शिळे होत नाहीत, मुरतात. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी घेतला नाही. पण त्या चहावरून पुढे वर्ष-दोन वर्षं शहर भांडत होतं. शंकराचार्यांचा आयोग बसला, प्रायश्चित्तं झाली. एका कपाला एवढं आयुष्य असेल तर पाच हजार एमएएचच्या बॅटरीला किती असावं, याचा हिशेब आयोजकांनी स्वतः करावा.

सभेची वेळ सांगत नाही. पुण्यात सभा कधी घ्यायची नसते, हे सर्वांना ठाऊक आहे.

वक्ते चार. एक मानसोपचारतज्ज्ञ, ते ‘डोपामिन’ हा शब्द आणतील आणि तो आला की पहिल्या तीन रांगांना सगळं शास्त्रीय वाटू लागतं. एक निवृत्त मुख्याध्यापक. एक हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत काम करणारे वडील, म्हणजे मोबाइलची बाजू घ्यायला कुणी तरी राहील. आणि एक आई. आईंना सर्वांत शेवटी बोलवावं, वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडे गेल्यावर. गृहपाठ घरात नेमका कोण पुरा करतं हे त्यांना माहीत असतं आणि त्या ते भर सभेत सांगून टाकण्याचा धोका असतो. मुलांनाही बोलवायचंच आहे. स्वागतगीत कोण म्हणणार? पुष्पगुच्छ कोण आणून देणार? त्यानंतर मात्र मुलांना बाहेरच्या व्हरांड्यात बसवावं. तिथे ती कुणाच्या तरी मोबाइलवर गेम खेळतील. हे दाराच्या काचेतून व्यासपीठाला दिसत राहील अशी बैठकव्यवस्था असेल तर वक्त्यांना ऐनवेळी उदाहरण शोधावं लागत नाही.

सुरुवात ‘आमच्या वेळी’पासून व्हावी. ‘आमच्या वेळी’त पाढे येतात, पावकी-निमकी येते, छडी येते. कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास सदाशिव पेठेत वाढलेल्या वक्त्यांनी शक्यतो टाळावा. श्रोत्यांत त्यांच्याच वाड्यातले, त्यांच्याच वर्गातले लोक असतात आणि विजेचं बिल कुणाच्या नावावर यायचं हेही त्यांना आठवत असतं. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं मात्र भाषणात आणूच नयेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोवर ‘मोबाइलला हात लावशील तर बघ’ म्हणणारे आपण सगळे जूनमध्ये पोरांसाठी वेगळा हँडसेट शोधत फिरत होतो. तास सुरू असताना ‘बाळा, कॅमेरा ऑन कर’ असंही आपणच मागून ओरडत होतो. ही वर्षं निघाली की वक्त्यांचा सूर जातो.

आकडा हवाच. एकच पुरतो, पण दोन्ही बाजूंना चालणारा असावा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालाची २०२४ ची आवृत्ती यासाठी उत्तम. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी, असं त्यात आहे. मोबाइलवाद्यांनी पहिला आकडा वाचावा, विरोधकांनी दुसरा. ही पाहणी ग्रामीण भागातली असते, कोथरूडचा त्यात काही संबंध नाही, ही गोष्ट कुणीही काढत नाही. काढली तर ‘वेळेअभावी’ म्हणावं. परदेशाचा दाखला द्यायचा तर फ्रान्सचा द्यावा, तोही याच कारणासाठी. तिथे प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठाला १९५६ पासून मनाई आहे आणि शाळेतल्या मोबाइलविरुद्ध २०१८ मध्ये कायदा झाला. एकाच देशात दोन्ही बाजूंची सोय.

आता धोके. पहिला धोका सरकारी आहे. केंद्राचं शालेय दप्तर धोरण २०२० मध्ये आलं. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, नववीपासून पुढे दिवसाला दोन तास. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना वाद कशावर घालायचा? म्हणून हे कलम सभेत कुणी वाचणार नाही याची काळजी घ्यावी. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, कुमठेकर रस्त्यावर राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद आहे. दोन्हीकडे रिक्षानं जाता येतं. तिथल्या कुणाला आमंत्रण देऊ नये, ते उत्तरं देतात. तरीही कुणी कलम वाचलंच, तर घाबरू नका. सभागृहात दोन क्षण शांतता पसरेल, कारण दुसरीच्या बाईंना ‘शाळा काही होमवर्कच देत नाही हो’ असं सुनावून आलेले पालक निम्म्याहून जास्त असतात. त्या शांततेत चहा जाहीर करावा. चहाला या शहरात आता आक्षेप नाही.

दुसरा धोका मोठा, आणि तो सांगली जिल्ह्यातून येतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं नाव कुणी ना कुणी काढणारच. १४ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की गावातले टीव्ही बंद, मोबाइल बंद, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि गोष्ट चालून गेली. यातली घातक बाब अशी की, मोबाइल थोरांनीही बंद करायचे होते. हा तपशील सभेत फार वेळ उघडा राहता कामा नये.

यावर हमखास लागू पडणारा उपाय म्हणजे भोंग्याची तांत्रिक चर्चा. परवानगी पोलिसांची की महापालिकेची? आवाज किती डेसिबल? ‘ए’ विंगच्या गच्चीवरचा भोंगा ‘बी’ विंगला ऐकू आला तर वीजबिलात ‘बी’ विंगचा वाटा किती? भोंगा वाजला आणि ज्यांच्या घरी शाळकरी मूलच नाही, त्यांच्या मालिकेचं काय? एखादे काका उठून, आपल्याकडे एवढी गणपती मंडळं असताना वेगळ्या भोंग्याची गरज काय, असं विचारतील. त्यांना माइक द्यावा. वीस मिनिटं सहज जातात. त्यानंतर उपसमिती नेमावी, तिचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप करावा.

हिंजवडीवाले वडील मात्र इथे एक खरी अडचण मांडतील. सात ते साडेआठ आपण वाकडच्या पुलाखाली असतो, असं ते म्हणतील. भोंगा वाजेल तेव्हा घरात मोबाइल बंद करायला मोठं माणूसच नसेल. आजी असली तर असेल. आणि त्या दीड तासात मुलगी घरी पोचली की नाही हे तिच्या मोबाइलवरूनच कळतं. प्रस्तुत लेखकाला याचं उत्तर सापडलेलं नाही. वडगावात शेतावरचा माणूस सातला घरी येतो. इथे तो साडेनऊला येतो आणि दारात चपला काढता काढता ‘अभ्यास झाला का?’ विचारतो. हा मुद्दा खरा असल्यानं परिसंवादाच्या कक्षेत बसत नाही. अध्यक्षांनी ‘वेगळा विषय आहे’ असं म्हणून तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा.

तिसरा धोका प्रत्येकाच्या खिशात थरथरत असतो. भाषण चालू असताना वर्गाच्या ग्रुपवर निरोप येतो : उद्या आणणे, पाच प्रकारची पानं, वाळवून, चार्ट पेपरवर चिकटवून. लगेच खाली पंचवीस जण ‘ओके मॅम’ लिहितात. एक जण विचारतो, ‘चार्ट पेपर कुठल्या रंगाचा?’ त्यावर तीन आया तीन रंग सांगतात. कुणाचे तरी आजोबा याच वेळी सुप्रभातचं फूल पाठवतात. प्रश्न असा की आदल्या दिवशी सांगितलेली पानं रात्रीत कशी वाळणार? इस्त्री फिरवून वाळतात, हे अनुभवी पालक जाणतात. अप्पा बळवंत चौकातली दुकानं बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून मग सभेतून एकेक पालक वाकून, पाठीमागच्या दारानं निसटू लागतो. व्यासपीठावरून ते दिसतं. वक्त्यांनी त्याकडे दुर्लक्ष करून ‘मोबाइलमुळे एकाग्रता कशी ढळते’ हा मुद्दा पुढे चालू ठेवावा. राहिलेल्या श्रोत्यांनीही मोबाइल वर धरून ते भाषण चित्रित करावं, कारण घरी कुणाला तरी दाखवायचं असतं.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं ठेवा. पहिली आठ एकाच गृहस्थांकडे जातात. ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचा नातू कुठल्या परदेशी विद्यापीठात आहे ते सांगतात. उरलेल्या दोन मिनिटांत व्हरांड्यातून आत आलेला एखादा पाचवीतला मुलगा हात वर करेल. त्याला ‘शाब्बास, नाव काय तुझं, शाळा कुठली?’ असं विचारावं. शाळेचं नाव सांगून होईपर्यंत वेळ संपते.

आभार मानताना कुणालाही वगळू नये, ध्वनिव्यवस्थेला तर नाहीच. मग समारोपाच्या भाषणाचा व्हिडिओ त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास वर्गाच्या ग्रुपवर टाकावा आणि खाली एवढंच लिहावं : सर्व मुलांनी हे भाषण पूर्ण ऐकून ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ या विषयावर दहा ओळी लिहाव्यात व फोटो सकाळी सातच्या आत इथेच पाठवावा. मिनिटभरात पहिलं उत्तर येतं.

‘मॅम, वहीत की फुलस्केपवर?’