टर्बोवरचा आळ

आपल्याकडे दोन निदानं तपासणीच्या आधीच तयार असतात. माणसाला काहीही होवो, 'पित्त असेल'. आणि ट्रेलर घाटात दमला की 'टर्बो गेला'. पहिलं कोकम सरबतावर भागतं, दुसऱ्याचं बिल फेडताना मालकाला खरोखरीचं पित्त होतं. न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला निघालेला ट्रेलर पनवेलपर्यंत ब्र काढत नाही. खोपोली सुटली की मात्र एकेक गिअर उतरत तो पार खाली येतो, मागचे एसटीवाले हॉर्नमधून आशीर्वाद देऊ लागतात, आणि टपरीवर चहा पिणारा माणूससुद्धा पेला खाली न ठेवता निकाल देऊन मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच, की टर्बो हा या खटल्यातला सगळ्यात सोयीचा आरोपी आहे. नाव भारदस्त, किंमत भारदस्त, आणि स्वतःच्या बाजूने बोलायला तोंड नाही.

मुळात हा रोग घाटातच का दिसतो? ४० टनांची गाडी सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने न्यायला साधारण ८०-९० अश्वशक्ती पुरते. तीच गाडी १०० मीटरला ५ मीटर अशा चढावर नुसत्या २०च्या वेगाने ओढायची, तर आकडा १७०च्या आसपास जातो. वेग एक तृतीयांश आणि कष्ट दुप्पट. वधूपित्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे निम्मं इंजिन आजारी असलं तरी पनवेलच्या सपाटीवर कुणाला पत्ता लागायचा नाही. आणि म्हणूनच गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून 'आवाज तर मस्त आहे' म्हणणं, हे पैलवानाची कुस्ती तो जेवायला बसलेला असताना पाहण्यासारखं आहे. ओझ्याखालचा रोग ओझ्याखालीच बघावा लागतो.

आता हवेचा हिशेब. लिटरभर डिझेल नीट जळायला किमान १०,००० लिटर हवा लागते. उन्हाळ्यात तहानलेल्या गावात पाण्याचा टँकर येतो ना, साधारण तेवढी. वरच्या चढावर इंजिन दोन-एक मिनिटांत लिटरभर डिझेल पितं, म्हणजे दर दोन मिनिटांना एक टँकर हवा! ती एअर फिल्टरमधून शिरते, टर्बो तिला दाबतो, इंटरकूलर गार करतो आणि रबरी होज पाइपातून ती इंजिनात जाते. एवढ्या लांबच्या वाटेत टर्बो हे एकच ठाणं. फिल्टरमध्ये कापसाच्या गादीसारखी धूळ बसली असेल, तर टर्बो बिचारा काय दाबणार? होजचं तर विचारूच नका. क्लिपेच्या कडेला खालच्या अंगाला बोटभर चीर असते. सपाटीवर दाब नावापुरता, म्हणून ती ओठ मिटून गप्प बसते. घाटात आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट झाला की ती उघडते, 'फुस्स' करते, आणि गाडी थांबवून बघायला जावं तर पुन्हा साळसूद. पण तिच्याभोवती तेलकट काळा पट्टा राहिलेला असतो. पुरावा म्हणतात तो हाच, आणि तो बघायला फडकं आणि बॅटरी पुरते.

धूरही साक्ष देतो. काळा धूर ओकत गाडी दमत असेल तर डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल फिल्टर तुंबला असेल किंवा त्यात पाणी साचलं असेल. बीएस-६ गाडीत मात्र धुराची वाट बघू नये. सायलेन्सरमधली जाळी तो गिळते आणि हवा कमी दिसली की कॉम्प्युटर डिझेलच आवरतं घेतो. शिवाय टाकीतलं युरियाचं पाणी संपलं तर हा कॉम्प्युटर मुद्दाम गाडीची ताकद कापतो. (शेतकऱ्याला रांगेत उभं करणाऱ्या युरियाने आता इंजिनालाही सोडलेलं नाही.) इंजिन किंचाळतंय आणि वेगाचा काटा सरकत नाही, तर क्लच प्लेट. आणि सगळं ठीक असताना मागच्या ट्रेलरच्या एकाच चाकाचा ड्रम जवळ हात नेववत नाही इतका तापलेला असेल, तर ब्रेक जाम आहे. इंजिन पुढे ओढतंय, ट्रेलर मागे. एकत्र कुटुंबात असं चालायचंच, पण त्यासाठी टर्बो बदलण्यात अर्थ नाही.

यावर मिस्त्री म्हणेल, 'स्कॅनरच सांगतोय साहेब, बूस्ट कमी आहे.' सांगतोय खरा, पण बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, का कमी आहे हे कुठे सांगतोय? टर्बो राबतो तो इंजिनाने फेकून दिलेल्या धुरावर. डिझेलच कमी पोचलं तर धुराचा जोर कमी, जोर कमी म्हणून टर्बो मंद, टर्बो मंद म्हणून बूस्ट कमी. भाकरीच मिळाली नाही म्हणून हळू चालणाऱ्या गड्याला कामावरून काढण्याचाच हा प्रकार. दुसरा आक्षेप गाडीमालकाचा: गाडी उभी राहिली की हप्ता चुकतो, एवढी तपासणी कोण करणार? अहो, फिल्टर, क्लिपा, होज आणि ड्रम बघायला एक चहा गार होण्याइतका वेळ लागतो. टर्बो उतरवून चढवायला दिवस जातो.

टर्बो कधीच जात नाही असं नाही. जातो. पण बहुधा तेलाअभावी, घाण तेलाने किंवा फाटक्या फिल्टरमधून आलेल्या मातीने. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

तेव्हा एवढं करूनही बदलायचाच ठरला तर खुशाल बदला, पण जुना मागून घ्या. त्याचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलणारच, तेलावर तरंगणाऱ्या बेअरिंगची ती रीतच आहे. पण पुढे-मागे हालत नसेल, पाती घराला घासल्याची खूण नसेल आणि हाताने फिरवल्यावर तो भिरभिर फिरला, तर ज्याच्यावर एवढा खर्च केलात तो निर्दोष होता.