श्वानमुखी वटिकाप्रवेश : लक्षण, संप्रदाय आणि प्रमाणविचार

श्वानाविषयी आपल्या वाङ्मयात उल्लेखांची वाण नाही. पाणिनीने श्वान, तरुण आणि इंद्र यांना एकाच सूत्रात एका पंगतीला बसवले. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान उभे आहेत, भैरवाचे तर ते वाहनच आहे. परंतु रुग्ण श्वानाच्या मुखात औषधाची गोळी कशी जावी, आणि गेलेली गोळी आत कशी राहावी, या प्रश्नावर सूत्रकारांनी मौन पाळले आणि भाष्यकारांनी ते मोडले नाही. शालिहोत्रांनी अश्वचिकित्सा सांगितली, पालकाप्यांनी हत्तींची. ज्याला रोज दोन वेळा गोळी द्यावी लागते तो प्राणी मात्र शास्त्रावाचून उंबऱ्यावर पडून राहिला. प्रस्तुत निबंध ही उणीव दूर करण्याचा प्रथम प्रयत्न होय.

निबंधाची आधारसामग्री अशी. पुण्यातील आमच्या राहत्या घरी मोत्या नामक एक गावठी श्वान असून त्याचे वजन १८ किलो आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याला गोचीड ताप झाला. तपकिरी गोचिडीच्या चाव्यावाटे एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो, प्लेटलेट्स उतरतात, आणि श्वान आवडत्या माणसाच्या चपलेकडेही दुर्लक्ष करू लागतो. मोत्याच्या प्लेटलेट्स ४२ हजारांवर आल्या होत्या. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ २८ दिवस लिहून दिल्या. म्हणजे ५६ प्रयोग, एकच श्वान, एकच औषध, आणि प्रयोगकर्ते तीन : मातोश्री, वडील व प्रस्तुत लेखक. इतकी नियंत्रित सामग्री या विषयात यापूर्वी कोणास लाभल्याचे ऐकिवात नाही.

लक्षण

"श्वानाच्या इच्छेविरुद्ध, इच्छेच्या अभावी अथवा इच्छेस चकवून, औषधवटिकेचे ओष्ठापासून जठरापर्यंत होणारे पुनरागमनरहित संक्रमण म्हणजे वटिकाप्रवेश."

आता पदकृत्य. इच्छाविषयक तीन पदे गाळली असता खोडरबर, मोज्याचे टोक आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल यांवर लक्षणाची अतिव्याप्ती होते. या पदार्थांचे संक्रमण श्वान स्वयंप्रेरणेने साधतो, त्यास आचार्याची अपेक्षा नसते. 'वटिका' हे पद गालफडात सिरिंजने सोडावयाच्या पातळ औषधांच्या व्यावृत्तीसाठी आहे. रेबीजची लस लक्षणाबाहेर राहते, कारण ती थुंकता येत नाही. आणि 'पुनरागमनरहित' हा तर लक्षणाचा प्राण होय. आमच्या पहिल्या मसुद्यात हे पद नव्हते, आणि त्या मसुद्याप्रमाणे पहिल्या दहा दिवसांत वीसपैकी वीस प्रयोग यशस्वी ठरले होते.

वटिकाप्रवेश द्विविध : नित्य आणि नैमित्तिक. दर तीन महिन्यांनी द्यावयाची जंतांची गोळी ही नैमित्तिक. तिच्यात श्वानाला मागचा प्रसंग विसरण्यास पुरेसा अवधी मिळतो, असे मानले जाते. गोचीड तापाची गोळी नित्य. नित्यात विस्मरणाला जागा नाही, म्हणून सर्व संप्रदाय नित्याच्या पोटी जन्मले.

छद्मवाद

संप्रदाय तीन. त्यांत छद्मवाद सर्वांत प्राचीन व बहुजनमान्य. गोळी अन्नात दडवावी, अन्न श्वानाने खावे, गोळीने त्याच्यासह जावे, हे त्याचे मूलसूत्र. माणसाने श्वानाशी कपट करावे काय, हा आक्षेप छद्मवाद्यांना नवा नाही. त्यांचे उत्तर असे की महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागून हिमालयापर्यंत चालत गेलेला श्वान हा प्रत्यक्षात वेषांतर केलेला धर्म होता. म्हणजे आवरणाखाली भलतेच काही दडवण्याचा आरंभ श्वानपक्षाकडूनच झाला. या युक्तिवादाला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

छद्मवादाचा शरीरशास्त्रीय पाया पुढीलप्रमाणे सांगतात. माणसाच्या जिभेवर सुमारे ९ हजार रुचिकलिका असतात, श्वानाच्या सुमारे १,७०० च. तस्मात् कडवटपणा त्याला कळणार नाही. हा पूर्वपक्ष. उत्तरपक्ष असा की गंधग्राही पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख असतात आणि श्वानाच्या नाकात वीस कोटींहून अधिक. जिभेपर्यंत प्रकरण पोचतच नाही.

आवरणद्रव्यावरून छद्मवादाचे उपपंथ पडले. पोळीपंथ हा त्यांतील ज्येष्ठ. श्वानाने पळवलेल्या कोरड्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांना हा पंथ आपले आद्य प्रवर्तक मानतो. आमच्या मते हा दावा टिकत नाही. त्या कथेत पोळी श्वानाने आपण होऊन नेली होती आणि वाटीत निखळ तूप होते. धावण्याची दिशा तेवढी समान आहे.

पनीरपंथ व पेढापंथ हे नवमतवादी. पहिल्या आठवड्यात पनीरपंथाने असे यश मिळवले की वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही त्याची दीक्षा घेतली, आणि त्यांच्याकडे श्वान नाही. परंतु आठव्या दिवशी डॉक्टरांना हे कळले. दूध-पनीरातल्या कॅल्शियममुळे डॉक्सिसायक्लिनचे शोषण मंदावते, म्हणून ही गोळी दुग्धजन्य पदार्थांबरोबर देऊ नये, असे त्यांनी बजावले. एका वाक्यात दोन्ही पंथ अस्तंगत झाले. मोत्याला ही तत्त्वचर्चा मान्य झाली नाही. तो पुढे कित्येक दिवस जेवणाच्या वेळी फ्रिजसमोर बसून राही.

सर्व उपपंथांना मान्य असा एक निषेधाध्याय येथे नोंदवला पाहिजे, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. चॉकलेट वर्ज्य, त्यातील थिओब्रोमीन श्वानाला बाधते. द्राक्षे आणि मनुका वर्ज्य, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण वर्ज्य, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कालच्या आमटीत बुडवलेली पोळी हे आवरण कितीही सुगंधी असले तरी त्याज्य.

अकराव्या दिवसाचा सायंप्रयोग पोळीपंथाच्या इतिहासात निर्णायक ठरला, म्हणून तो सविस्तर देतो. मातोश्रींनी पोळीचा चतकोर तोडला, त्यात गूळ दाबला, गुळात गोळी दाबली आणि सुपारीएवढा गोळा वळला. "घे रे सोन्या, नुसती गूळपोळी आहे," हे वाक्य त्यांनी मोत्याच्या डोळ्यांत न बघता उच्चारले. मोत्याने गोळा अदबीने घेतला. तो स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्यावर गेला, बसला, आणि सुमारे दीड मिनिट चावण्याची क्रिया चालू राहिली. मग त्याने मान किंचित वाकडी केली. पायपुसण्यावर पिवळसर गोळी पडली : अखंड, ओली, तिच्यावर गुळाचा कण नाही की पिठाचा अंश नाही. मातोश्रींनी ती उचलून उजेडात धरली आणि त्या म्हणाल्या, "मला भांडी इतकी स्वच्छ कधी घासता आली नाहीत."

या घटनेतून त्रिपिंडी प्रयोग जन्मास आला. तीन समान गोळे करावेत. पहिला निर्वटिक, विश्वासार्थ. दुसरा सवटिक. तिसरा पुन्हा निर्वटिक, मात्र दुसरा तोंडात असतानाच तो नाकासमोर धरावा, म्हणजे तिसऱ्याच्या लोभाने दुसरा चर्वणावाचून आत जातो. त्र्यंबकेश्वरी होणाऱ्या विधीशी या प्रयोगाचे केवळ नामसादृश्य आहे. त्रिपिंडी चार दिवस निर्दोष चालली. पाचव्या दिवशी मोत्याने पहिला गोळा खाल्ला, दुसरा जमिनीवर ठेवला आणि तिसऱ्याची वाट पाहिली.

बलवाद

बलवाद अन्नाला मानत नाही. डाव्या हाताने वरचा जबडा धरावा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा उघडावा, गोळी जिभेच्या उंचवट्यापलीकडे ठेवावी, तोंड मिटवून धरावे, गळ्यावरून हलकेच हात फिरवावा. मागून थोडे पाणी पाजावे. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकून राहिल्यास तेथे जखम होऊ शकते. दवाखान्यात डॉक्टरांनी हे सर्व चार सेकंदांत करून दाखवले. घरी त्यास दोन माणसे, एक टॉवेल आणि अर्धा तास लागतो, यावरून बलवाद हा गुरुमुखातूनच ग्रहण करावयाचा मार्ग दिसतो.

बलवाद विधिसंमत आहे काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा हानिकारक औषध हेतुतः व अवाजवीपणे देणे हा गुन्हा मानतो. हितकर औषध तेथे येत नाही. त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठरला आणि तो अंक दशकानुदशके तसाच राहिला. खऱ्याखुऱ्या क्रौर्याची किंमत पनीरच्या एका तुकड्याइतकी असावी, हे या शास्त्राच्या बाहेरचे असले तरी नोंदवून ठेवतो. छद्मवादाबाबत मात्र कायदा मूक आहे. माणसाची फसवणूक पूर्वी चारशेवीसमध्ये येई, आता न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात येते. श्वानाची फसवणूक कोठेच येत नाही.

संवादवाद

या संप्रदायाचे एकमेव अनुयायी आमचे वडील होत. त्यांच्या मते श्वान विवेकी असून त्याला प्रयोजन समजावून सांगितले असता तो गोळी आपण होऊन घेतो. तळहातावर गोळी ठेवून ते म्हणत, "हे बघ मोत्या, तुझ्याच भल्यासाठी आहे. मीही बीपीची घेतोच ना?" आणि त्याच्यासमोर स्वतःची घेत. प्रयोगाच्या वेळी खोलीत दुसऱ्या कोणी थांबू नये, अशी त्यांची अट असे. दहा मिनिटांनी ते रिकामा हात दाखवीत बाहेर येत. त्यांच्या सहाही प्रयोगांची नोंद वहीत 'सिद्ध' अशी आहे.

श्वानपक्ष

प्रतिपक्षाचे दर्शन मांडल्यावाचून मीमांसा अपुरी राहील. मोत्याच्या आचरणावरून प्रत्याख्यानाचे चार भेद निश्चित होतात. (१) सद्योनिष्कासन : तत्काळ थुंकणे. (२) पृथक्करण : आवरणाचा स्वीकार, आशयाचा अव्हेर, अकरावा दिवस पाहा. (३) कपोलनिक्षेप : गोळी गालात ठेवून घरातून सहजगत्या हिंडणे व योग्य स्थळी विसर्जन करणे. (४) पूर्वबोध. हा सर्वांत सूक्ष्म. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, श्वानाला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. गोळीची स्ट्रिप शेजारच्या खोलीत दरवाजा लावून, उशीखाली धरून फोडली तरी मोत्या तोवर पलंगाखाली पोचलेला असे. क्रोसिनची फोडली तर येत नसे. या भेदाचा उलगडा आम्हाला झालेला नाही.

प्रमाणविचार

गोळी गेली, हे कशावरून जाणावे? शास्त्रात एकच प्रमाण सर्वमान्य आहे : नासिकालेहन. गिळल्यावर श्वान जीभ बाहेर काढून नाक चाटतो. डॉक्टरांनीही हीच खूण सांगितली होती, आणि वहीतील ५६ नोंदींपुढे 'ना. चा.' अशी अक्षरे आहेत. श्वानाच्या लेहनविषयक साक्षीला प्राचीन आधारही आहे. आदिपर्वात सरमेच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी यज्ञस्थळी मारले. आपण हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटलेही नाही, अशी साक्ष त्याने दिली. ती खरी होती, आणि सरमेच्या शापामुळे जनमेजयाला पुरोहित शोधत फिरावे लागले. तेव्हापासून या विषयात श्वानाचे म्हणणे ग्राह्य धरण्याची प्रथा आहे.

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर केलेल्या तपासणीत प्लेटलेट्स २ लाख १० हजार भरल्या. डॉक्टर संतुष्ट झाले आणि तिन्ही संप्रदायांनी श्रेय घेतले.

त्यानंतर दिवाळीची साफसफाई निघाली व दिवाण हलवला गेला. भिंतीलगत, मागल्या डाव्या पायाशी, ११ गोळ्या एका ओळीत नव्हे, पण एका ठिकाणी मिळाल्या. सहा गोळ्यांना वाळलेली पोळी चिकटलेली होती. तिघींना मुंग्या लागलेल्या होत्या, म्हणजे गूळ. उरलेल्या दोन कोरड्या होत्या, त्यांच्यावर कोणत्याही आवरणाचा मागमूस नव्हता. मातोश्रींनी त्या दोन्ही कागदावर घेऊन वडिलांपुढे ठेवल्या. वडिलांनी चष्मा लावून त्या उलटसुलट पाहिल्या आणि या बलवाद्यांच्या असाव्यात असे मत दिले. डॉक्टरांना फोन केला असता त्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यायला सांगितले. अहवाल तेव्हाही ठीकच आला, त्यामुळे वाद मिटण्याचा एक मार्ग बंद झाला.

उत्खनन चालू असताना मोत्या दिवाणावर उताणा निजला होता. गोळ्या मोजून झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि एकदा नाक चाटले. त्याच्या तोंडात त्या वेळी काहीही नव्हते.