काही करत नाही हो तो!

हे वाक्य कुत्र्याचा मालक म्हणतो तेव्हा तो 'काही न करणारा' आपल्या खांद्यावर पंजे टेकून आपलं नाक चाटत असतो. महाडात चवदार तळ्याच्या बाजूला आमच्या दादांचा टायगर असाच कुणाचंही काही करत नाही. फक्त पावसाळ्यात चिखल तुडवून येतो आणि गर्दीतून नेमका इस्त्रीचा पांढरा सदरा हेरतो.

कुत्र्याची उडी म्हटली की महाडकराला रायगडावरचा वाघ्या आठवतोच. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली म्हणतात. समकालीन कागदांत तसा पुरावा नाही म्हणून वाद पेटला, २०१२ साली पुतळा उखडला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला. टायगरच्या उडीचा पुरावा मात्र माझ्या सदऱ्यावर आहे आणि तो दोन धुण्यांत जात नाही.

मुळात हा प्रकार लांडग्यांकडून आलेला. शिकारीहून परतलेल्या मोठ्यांची तोंडं पिल्लं चाटतात, मग ती मोठी पोटातलं अन्न ओकून पिल्लांपुढे टाकतात. पोटाचा प्रश्न सुटला तरी स्वागताची रीत राहिली. आता आपलं तोंड जमिनीपासून पाच फुटांवर, त्याला इलाज काय? उडी! म्हणजे टायगर मला रीतसर रामराम करतो, आणि मी स्टँडवर खाल्लेला वडापाव त्याच्यापुढे ओकावा एवढीच त्याची माफक अपेक्षा.

बरं, आपण करतो काय? "हट! शी! उतर खाली!" म्हणत दोन्ही हातांनी ढकलतो. त्याच्या लेखी ही कुस्ती, आणि तीही फुकटात. त्यातून एखाद्या दिवशी आपल्यालाच लाड येतात. मटका लावणाऱ्याला जसा कधीमधीच लागलेला आकडा सोडवत नाही, तशी ही कधीमधी मिळणारी कुरवाळणी त्याला सोडवत नाही. काहीजण गुडघा मारायला सांगतात. त्याने कुत्रं शहाणं होत नाही, माणसाला घाबरायला लागतं.

उडी मारताना टायगर समोरच्याचं आडनाव विचारत नाही, हे या तळ्याकाठी सांगायलाच हवं. त्याचे पूर्वज इथे खुशाल पाणी पीत होते. बंदी होती ती अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना. १९२४ साली नगरपालिकेने ठराव करूनही ती उठेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह इथलं पाणी प्यायलं, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. कुत्र्यांच्या जिभांपायी कुणी एक तांब्यादेखील ओतल्याचं ऐकिवात नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

अजूनही २० मार्चला राज्यभरातून माणसं येतात, बरीचशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. टायगरची दिवाळीच! एकदा विदर्भातून आलेल्या एका आजींवर तो झेपावला. त्यांनी ना हाड म्हटलं ना हात उगारला. पदर सावरून सरळ पाठ फिरवली आणि गप्प उभ्या राहिल्या. टायगरने दोन फेऱ्या मारल्या, कुंईकुंई केलं आणि शेवटी बूड टेकलं. तेव्हा कुठे त्यांनी पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला.

"आजी, हे त्याला शिकवूनच जा," दादा म्हणाले.

"त्याले येते सारं. शिकवाचं तं तुमाले हाय."

दादांनी मान डोलावली, घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली. तेवढ्यात ओट्यावरून त्यांच्या मातोश्रींची हाक आली, "कुठे होतास रे माझ्या वाघा, ये!" टायगर ओट्यावर गेला आणि मातोश्रींचा चष्मा अंगणात आला.