व्हेरिएबलना नावं ठेवण्याची रीतसर पद्धत

व्हेरिएबलचं नाव वाचणाऱ्याला समजेल असं असावं, असं प्रोग्रामिंगची सगळी पुस्तकं सांगतात. हा वाचणारा कोण, याबद्दल मात्र ती गप्प असतात. बहुतेक वेळा तो तुम्ही राजीनामा दिल्यावर शेवटच्या आठवड्यात केटी, म्हणजे तुमच्या कामाची माहिती, घ्यायला पाठवलेला मुलगा असतो. त्याची सोय पाहिल्याबद्दल अप्रेझलमध्ये कुणी गुण देत नाही. एवढं मनाशी पक्कं झालं की बाकीचं सोपं आहे.

सुरुवात एकाक्षरी नावांनी करावी. लूपला आय, आतल्या लूपला जे, त्याच्याही आत के. इथे डोकं चालवायचं नाही, परंपरा आहे. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान आली, तेव्हा आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारं नाव आपोआप इंटिजर आणि बाकी सगळी रिअल, असा कायदा होता. ‘गॉड’ रिअल आहे, कुणी त्याला इंटिजर जाहीर करेपर्यंत, हा फोरट्रानवाल्यांचा विनोद अजून सांगितला जातो; सांगणाऱ्याला दर वेळी हसूही येतं. पायथॉनच्या २००१ सालच्या पेप ८ या नियमावलीने लहान एल, मोठा ओ आणि मोठा आय ही एकाक्षरी नावं वर्ज्य ठरवली, कारण काही फॉन्टांत ती एक आणि शून्यासारखी दिसतात. टीममध्ये दीर्घकाळ अपरिहार्य राहू इच्छिणाऱ्यांनी ही तीन अक्षरं टिपून ठेवावीत.

नाव एकाहून जास्त शब्दांचं झालं की पंथ निवडावा लागतो. जावावाले पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून उंटाची मदार काढतात. पायथॉनवाले मध्ये अंडरस्कोर टाकून साप सरपटवतात. कुणी पेप ८चं सोवळं फारच मिरवू लागलं तर पायथॉनचंच युनिटटेस्ट मॉड्यूल उघडून दाखवावं. आत सगळे उंट बसलेत. जावाच्या जेयुनिटवरून ते बेतलं, तेव्हापासून कुणी उठवलेले नाहीत.

खरी कारागिरी पुढे आहे. नाव असं शोधावं की ते आज शंभर टक्के खरं असेल आणि काही रिलीजनंतर सपशेल खोटं. यात विंडोजचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. मूळचे हंगेरीचे चार्ल्स सिमोनी यांनी नावाआधी एक-दोन अक्षरांचा उपसर्ग जोडायची पद्धत काढली. त्यांना त्यातून मूल्य कशासाठी आहे ते सांगायचं होतं: ही ओळ, हा स्तंभ. विंडोजवाल्यांनी त्यातला नुसता प्रकार उचलला. डब्ल्यू म्हणजे वर्ड, म्हणजे १६ बिट. म्हणून विंडोजच्या प्रत्येक मेसेजबरोबर डब्ल्यूपॅरम आला. पुढे तो ३२ बिटांचा झाला, मग ६४ बिटांचा. डब्ल्यू जागचा हलला नाही, कारण तोवर जगभरच्या कोडने त्याला त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. कॉमेंट खोटी ठरली तर पुसता येते. नाव खोटं ठरलं की त्याला मान मिळतो.

इतकी झेप जमणार नसेल तर नावात ‘न्यू’ घालावं. पुण्याच्या नव्या पुलाची शंभरी उलटली, तरी तो नवाच आहे. ‘न्यूरेट’ बसवून तुम्ही निघून जा. तुमच्यानंतर येणारा ‘न्यूरेट२’ काढील, आणि दोन्हींतला कुठला चालू आहे यावर ऑडिटच्या आदल्या रात्री बैठक होईल. ‘टेंप’ त्याहून टिकाऊ. होय-नाही साठवायचं असेल तर ‘इजनॉटडिसेबल्ड’ अशी नकारात नकार गुंफलेली नावं घ्यावीत.

एकक नावात लिहू नये, उत्सुकता संपते. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटरसाठी लॉकहीड मार्टिनच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि नासाच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. मंगळावरून साधारण २२६ किलोमीटर उंचीने जायचं यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली आलं आणि गेलं. नुसत्या आकड्याकडे पाहून पाउंड की न्यूटन, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

मराठीप्रेमींसाठी खास सूचना. २००८च्या पायथॉन ३पासून नावं देवनागरीत ठेवता येतात. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे उंटपंथ आपोआप बाद होतो, हा मोठाच फायदा. तेव्हा ‘शेतकऱ्याची_थकबाकी’ असं बिनधास्त लिहावं. फक्त त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पहिला पायथॉनला चालतो. दुसऱ्यावर तो न दिसणाऱ्या अक्षराची तक्रार करतो, आणि तुम्ही ते अक्षर डोळे फाडून शोधत बसता. टीममध्ये दोन वेगळे कीबोर्ड असतील तर सरळ ‘बळीराजा_थकबाकी’ लिहावं. अर्धा र नाही, आणि हे नाव सरकारी जाहिरातींनी आधीच रुळवलेलं आहे.