ताळ सोडला हो, इंजेक्शनवाल्यांनी!

ऐकलंत का? लासलगावात आता भांडणं कांद्याच्या भावावरून होत नाहीत. क्रँक सेन्सरच्या चकतीच्या दातांवरून होतात! छत्तीस उणे एक दातांची चकती चांगली की साठ उणे दोनची, यावर ट्रॉल्यांच्या रांगेत दोन शिकलीसवरलेली माणसं एकमेकांची अक्कल काढत होती. पुढची रांग सरकली, मागचे हॉर्न वाजवून दमले, पण चकतीचा निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टर जागचा हलेना. शिव शिव! १९४७ सालापासूनची ही बाजार समिती. इथे लिलाव बंद पडले, रस्ते अडले, निर्यातबंदीच्या नावाने शिमगा झाला. पण असलं काही या आवाराने कधी ऐकलं होतं का?

प्रकरण असं आहे. शोरूममधून चावी घेऊन, नारळ फोडून गाडी घरी आणणं हल्ली बावळटपणाचं समजतात. थार आपल्या नाशिकलाच बनते, पण पिकतं तिथे विकत नाही. यांना हवी स्वतः जुळवलेली. चौकट इथली, अंग तिथलं, इंजिन तिसरीकडचं. कुणी पार पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीहून जीप बांधून आणण्याच्या गोष्टी करतो. कुणाला अलिबागच्या चिंकारा रोडस्टरचं वेड. बिनदाराची, फायबरच्या अंगाची, लोटस सेव्हनच्या वळणाची ती बुटकी गाडी, आणि आत अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसायचं तेच १.८ लिटरचं इसुझू इंजिन! आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराचं नाव घेतल्याशिवाय तर यांची एकही बैठक उठत नाही. त्याने भंगारातून किक मारून चालू होणारी जीप बनवली आणि २०२२ साली आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्याला नवीकोरी बोलेरो दिली. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, आपल्या गोठ्यामागे पडलेला सांगाडा म्हणजे उद्याची बोलेरो.

इथवर ठीक होतं. हौसेला मोल नसतं. पण आता मंडळींना कार्बुरेटरची शिसारी आली आहे! त्याने काय घोडं मारलंय, कुणास ठाऊक. ना वायर, ना संगणक. जेटमध्ये कचरा अडकला की उघडायचा, फुंकर मारायची, पुढे निघायचं. अशा गुणी जिवाला घराबाहेर काढून त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवायचं म्हणे. मारुती ८०० ला ते २००० साली आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक मोटारसायकलीही इंजेक्शनवर गेल्या. मग चाळीस वर्षांची जीप मागे का राहावी? तिला काय मन नाही?

बरं, बसवून मोकळे होतील तर शपथ! सगळी गोडी निवडण्यात आहे. पहिली जात होली स्नायपरवाल्यांची. अमेरिकेतला संच, कार्बुरेटरच्या जागी तसाच बसतो आणि साडेसहाशे हॉर्सपॉवरपर्यंत पुरतो. तो लावायचा कशाला? साठ घोड्यांच्या जुन्या जिप्सीला! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही डॉलरमध्ये, वर आयात शुल्क वेगळं. दुसरी जात ऑस्ट्रेलियाच्या हालटेक आणि न्यूझीलंडच्या लिंकवाल्यांची. ही मंडळी बाकीच्यांशी फारसं बोलत नाहीत. लासलगावात राहून नाकाने कांदे सोलायचे म्हणजे तेवढी छाती लागतेच म्हणा. तिसरी जात मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनोवाल्यांची. हे स्वतः सोल्डरिंग करून गाडीचा मेंदू घरी बनवतात. त्यांच्या बोटांवर चटके, डोळ्यांखाली काळं आणि तोंडी एकच वाक्य: सगळं होतंय, फक्त गाडी चालू होत नाहीये.

आणि चौथा एक असतो. तो कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या एस्टीमचं अख्खं इंजिन आणतो, संगणक, वायरिंग, सेन्सर सगळ्यासकट, आणि होतं तसं बसवतो. कंपनीने लाखो किलोमीटरचा विचार करून बनवलेली जुळणी, निम्म्या पैशात. आठवड्यात गाडी रस्त्यावर! त्याला या बिरादरीत काडीची किंमत नाही. त्याने निवड कुठे केली? नुसती गाडी चालवली!

सगळ्यांची लाळ गळते ती मात्र ‘आपोआप शिकणाऱ्या’ संचावर. सायलेन्सरच्या नळीत वाइडबँड सेन्सर बसवायचा. लिलावातला व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून चार कांदे बघतो आणि सगळ्या मालाचा भाव बोलतो, तसा हा धुरातला ऑक्सिजन हुंगून अख्ख्या इंजिनचा निकाल देतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे यांचं गायत्रीमंत्रासारखं पाठ असलेलं प्रमाण. पूर्ण दाबलं की साडेबाराच्या आसपास. पण सेन्सरच्या अलीकडे नळीला भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, संगणक आणखी ओततो, आणि जीप काळा धूर ओकत निघते. मालक अभिमानाने सांगतो, ‘शिकतेय अजून.’ काय शिकतेय? दारू प्यायला?

परवा एका कांदा चाळीत डोकावलो. उन्हाळ कांदा विकून चाळ मोकळी झालेली, फटींतून वारा खेळतोय आणि मधोमध बॉनेट काढलेली जीप. क्रेटवर लॅपटॉप. पडद्यावर सोळा बाय सोळा चौकोनांचा तक्ता, उभ्यात दाब, आडव्यात फेरे, प्रत्येक घरात एक आकडा. चिरंजीव एका घरातला ४८ पुसून ४९ करतात, मान तिरकी करून बघतात, पुन्हा ४८ करतात. इंजिन बंदच होतं हो! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शेजारी नवा पंप अजून पेटीत. कार्बुरेटरला तीन ते पाच पाउंड दाब पुरतो, इंजेक्शनला त्रेचाळीस लागतो, म्हणून नवी पाइप, नवे क्लॅम्प, टाकीकडे परतणारी दुसरी लाइन आणि वळणावर पंपाने हवा ओढू नये म्हणून एक छोटी मधली टाकी. वडील दारात उभे. म्हणाले, ‘उन्हाळ गेला, लाल कांदा आला. हिच्या वायरी अजून बाहेरच का रे?’

‘नाना, अर्थिंग नीट मिळत नाहीये.’

‘मग रंग खरवड की तिथला!’

खरवडला. पंप घूं करून वाजला. नानांनी कधी ईसीयू, म्हणजे गाडीचा तो मेंदू, पाहिला नव्हता, पण रंगावर बोल्ट आवळला की अर्थ मिळत नाही, हे ट्रॅक्टरवाल्याला कुणी शिकवावं लागतं होय? आता तेच नाना पारावर क्रँकिंग व्होल्टेजवर बोलतात. गेला माणूस हातातून.

असे कैक बाटले. कुणाला निफाडच्या थंडीने बाटवलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली म्हणून पेपरात येतो. अशा पहाटे चोक ओढून, शिव्या देऊन, धक्का मारून कार्बुरेटरची गाडी चालू करणाऱ्याला, पाण्याचं तापमान मोजून आपणहून जास्त पेट्रोल सोडणारा संच दिसला की भक्ती जडणारच. कुणाला इथेनॉलने बाटवलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. त्याचं प्रमाण १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास. ‘बघा, जेट किती वेळा बदलणार?’ हा सवाल टाकून इंजेक्शनवाल्यांनी उसाचे दोन बागायतदार एका बैठकीत खिशात घातले. ऊस यांचा, इथेनॉल त्यातलं, आणि त्याच्यापायी खर्चही यांचाच!

इतिहासाचं नाव मात्र काढू नका. १९५८ साली क्रायस्लरने बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घालून गाड्या विकल्या, जेमतेम पस्तीस. त्यातल्या बहुतेकांना पुढे कार्बुरेटर बसवून द्यावे लागले! नऊ वर्षांनी बॉशने फोक्सवॅगनमध्ये ते नीट चालवून दाखवलं. हे ऐकवलं की चाळीत एकदम शांतता पसरते, आणि मग कुणीतरी चहाची ऑर्डर देतं.

कायद्याचं तर यांना वावडंच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ बनावटीपेक्षा वेगळी अशी गाडी करता येणार नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. सीएनजीचा मंजूर संच बसवून नोंद करता येते, पण तुमच्या चाळीत सोल्डर केलेल्या मेंदूला मंजुरी कोण देणार? म्हणून यातल्या अर्ध्या गाड्या शेताच्या बांधापलीकडे जात नाहीत. विहिरीपर्यंत जायचं आणि यायचं, त्यासाठी बारा सेन्सर!

आणि तुम्ही काय गालात हसताय? तुमच्या फोनवर रात्री साडेअकराला थ्रॉटल बॉडीचे भाव कोण बघत होतं? बायकोने विचारल्यावर ‘ठिबकचे फिल्टर बघतोय’ असं कोण म्हणालं? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आपली जुनी रीत. पण घरातला जुना सांगाडा विकायची गोष्ट निघाली की आपल्याही पोटात कालवतं, खोटं कशाला बोला.

तेव्हा घ्यायचाच असेल तर आपला फुकटचा सल्ला घ्या. साठ घोड्यांना साडेसहाशेंचा संच नको. चौथ्या माणसाला हसू नका, त्याच्याकडे एस्टीमचं आणखी एक वायरिंग शिल्लक आहे. आणि बाहेरचाच संच हवा असेल, तर ज्याचं ट्यूनिंग करणारा माणूस नाशिकात भेटतो आणि फोन उचलतो, तोच घ्या. बाकी सगळे संच पेटीतच चांगले.