कृपया हाथ न लगाएँ

बालाघाटच्या मामीला गोधड्यांच्या प्रदर्शनात बक्षिसासाठी कधीच भाग घ्यायचा नसतो. "मी काय बक्षिसासाठी टाकून राहिली का बाप्पा?" हे ती दर संक्रांतीला फॉर्म भरता भरता ऐकवते. मग कशासाठी? एका वर्षी मंडळाकडे गोधड्या कमी पडत होत्या. पुढच्या वर्षी, तारीख समोर असली की हात चालतो, नाहीतर गोधडी उन्हाळ्यापर्यंत रेंगाळते. त्याच्या पुढच्या वर्षी, सासूबाईंची वारासिवनीची हातमागाची साडी चार लोकांनी पाहावी म्हणून. (सासूबाई नेसत होत्या तेव्हा त्या साडीचं कौतुक मामीच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही.) समोरच्या वहिनींनीही गोधडी दिलीय, हे कारण ती सांगत नाही. ते मामा सांगतात.

खरं कारण मला हॉलमध्ये गेल्यावर कळलं. घरी गोधडीचा शेवटचा टाका पडायचा अवकाश, कोणीतरी ती ओढून नेतं. नातू भिजवतो, मांजर तिच्यात वितं, मामा चहा सांडतात. वैनगंगेवरून गारठा येऊ लागला की नक्षी बघायला कोणाला फुरसत आहे! इथे तीच गोधडी तीन दिवस दोरीवर ऐटीत लटकते आणि खाली पाटी असते : 'कृपया हाथ न लगाएँ'.

मामी स्वतः मात्र प्रत्येक गोधडीला हात लावते. "धावदोरा पुढून कोणाचाही सरळ दिसते, पाठ पाय!" वहिनींच्या गोधडीची पाठ तिने बराच वेळ पाहिली. "रंग छान आहेत," म्हणाली.

एकदा परीक्षकबाई तिच्या गोधडीला 'सुंदर रजाई' म्हणाल्या. मामीने त्यांना तिथल्या तिथे शिकवलं : रजाईत पिंजलेला कापूस, गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर. रजाई पिंजाऱ्याची, गोधडी घरची. शिकवणी पाऊण तास चालली. बक्षीस गेलं, उत्तेजनार्थ स्टीलचा डबा आला. असे सहा डबे आहेत, सहाही चिंध्यांनी भरलेले.

मग अमेरिकेतल्या भाचीने फोनवर सांगितलं, की ह्यूस्टनच्या मोठ्या प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. कोणी विचारलं की ते कड उचलून गोधडीची पाठ दाखवतात. मामीने फोन ठेवला आणि मामांकडे पाहिलं.

मामा भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले. नोकरीभर ज्या हातांची काळी धूळ साबणाला दाद देत नव्हती, त्यांच्यावर आता पांढरे मोजे चढलेत. हॉलमध्ये ते गोधडीशेजारी ताटकळत उभे असतात. संक्रांतीला बालाघाटला आलात, तर पाठ बघायला मागा. तेवढीच त्यांना हालचाल. आणि काही झालं तरी रजाई म्हणू नका.