बोदवडीय शीतनिर्झरांतील अदंशक-निर्णय

डासाची आकृती धारण करूनही जो डासाचे कर्म करीत नाही, तो द्विपंखी कीटक म्हणजे अदंशक. कायरोनोमिडी या त्याच्या कुलातील एक हिमवासी जाती नेपाळच्या याला हिमनदीवर उणे 16 अंशांतही चालताना आढळल्याची नोंद 1984 साली झाली. बोदवडला हिमनदी नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. तेवढ्यावरून येथे शीतनिर्झर नाहीत असे म्हणणे अविचाराचे होईल.

व्याख्या : उंचावरून अखंड पाझरणारे, स्पर्शास शीत असे जल म्हणजे निर्झर. ही व्याख्या कूलरला निःशेष लागू पडते. पंपाने वर चढलेले पाणी गवताच्या ताट्यांवरून तिन्ही बाजूंनी उतरते आणि खानदेशची उन्हाळी हवा कोरडी असल्याने झपाट्याने बाष्प होत गार पडते. हे निर्झर बारमाही नसून भारनियमनाधीन आहेत.

लक्षणे तीन.

1. पादविन्यास. बसलेला डास बहुधा मागचे पाय उचलतो. अदंशक पुढचे पाय उचलून, काही निवेदन करावयाचे असल्याच्या मुद्रेत राहतो. मायगेनने 1803 मध्ये योजलेल्या 'कायरोनोमस' या नावाचा मूळ ग्रीक अर्थही 'हस्ताभिनय करणारा' असाच आहे.

2. शुंडाभाव. रक्त शोषणारी लांब सोंड नसते.

3. श्मश्रू. नराच्या शृंगिका पिसासारख्या असतात. डासाच्या नराच्याही असतात. लक्षण त्याज्य.

लक्षणांच्या विनियोगाबाबत पंथभेद आहे. प्राक्चपेटवादी आधी मारतात, मग ओळखतात. त्यांचा पुरावा सपाट असतो. आमच्या मातुःश्री याच पंथाच्या असून "पाय काय बघत बसलास, मार ना!" हे त्यांचे सूत्र होय. पश्चाच्चपेटवादी आधी ओळखतात; त्यांच्या पिंढऱ्यांवर गांधी असतात.

प्रस्तुत लेखक तिसऱ्या, कातिवादी पंथाचा. कोशातून कीटक उडून गेल्यावर पाण्यावर तरंगणाऱ्या कातीवरून जाती ओळखण्याची पद्धत शास्त्रमान्य आहे आणि तीत हिंसा नाही. कूलरच्या टपाच्या डाव्या कोपऱ्यात, जेथे फेस साचतो, तेथून चहाच्या गाळणीने आठ काती मिळाल्या : पारदर्शक, जिऱ्याहून बारीक, पाठीवर उभ्या चिरलेल्या. गाळणीच्या स्वामित्वाचा प्रश्न घरात प्रलंबित आहे.

येथेच या शास्त्रातील महाशंका उद्भवते. त्याच टपात लाल अळ्याही सापडल्या. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या बळावर त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळात तगतात. वाहत्या, थंड, प्राणवायुयुक्त झऱ्यांतील जाती बहुधा फिकट असतात. मग आमचा कूलर निर्झर की डबके? ताटीपुरता निर्झर व टपापुरते डबके, असा द्वैतपक्ष मला ग्राह्य वाटतो.

निर्णायक परीक्षण रविवारी योजिले होते. तथापि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा ही आरोग्य खात्याची सूचना मातुःश्रींनी शनिवारीच अमलात आणली, आणि आठही काती, अळ्यांसह, तुळशीला गेल्या.